चन्नव्वा आणि क्वेट्ट्याची थंडी

चन्नव्वा फार शांत आणि सोशिक बाई होती, असं परवा मठातल्या शोकसभेत एका गृहस्थानं उभं राहून सांगितलं. दुसऱ्यानं त्यावर ‘मायेचा सागर’ ओतला. तिसऱ्यानं तर डोळे मिटून, तिच्या तोंडून कधी कुणाला उणा शब्द गेला नाही, असं म्हटलं. मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. तिथून उठून बाहेर आलो, कारण आणखी दोन मिनिटं बसलो असतो तर त्या तिसऱ्या गृहस्थाच्या अंगावर समई फेकली असती.

मेल्यावर माणसाला कोमट करून टाकायची ही कसली रीत आहे? चन्नव्वा रागीट होती. सकाळी राखुंडीनं दात घासताना रागीट, इष्टलिंगाची पूजा करताना त्याहून रागीट, आणि झोपेत घोरायची तीसुद्धा कुणाला तरी दम भरल्यासारखी. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की बाळीवेशीतली पोरं म्हणत, चन्नव्वा उठली. त्या रागानं सोलापुरातल्या कितीतरी माणसांचे कान, नाकं आणि पाय शाबूत ठेवले. आता तोच राग पुसून तिला देव्हाऱ्यात बसवायला निघालेत. मी बसवू देणार नाही.

मी तेव्हा हायस्कुलात नवा मास्तर होतो आणि चन्नव्वाच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली ती एकटी. तिच्या नवऱ्याचा कांबळी-घोंगड्यांचा व्यापार होता आणि त्याच्याकडे पार सरहद्दीवरच्या क्वेट्ट्याच्या लष्करी छावणीला माल पुरवायचा मक्ता असे. लग्नानंतरचे कित्येक हिवाळे तिनं तिकडे काढले. नवरा गेल्यावर ती सोलापूरला परत आली, ती डावा पाय जरा ओढतच. त्या पायाची दोन बोटं नव्हती. ती कुठं गेली असं पोरांनी विचारलं, की दर खेपेला नवं उत्तर. एक लाटसाहेबाला नजराणा दिलं, एक पठाणाच्या बोकडानं खाल्लं, दोन्ही बोटं भांडून माहेरी निघून गेली. खरं उत्तर कुणाला मिळत नसे.

आता सोलापुरात थंडी म्हणजे काय? पौषात पहाटे दोन घटका येऊन, पत्ता चुकला म्हणून परत फिरणारी पाहुणी. अशा गावातली माणसं उत्तरेला जायला निघाली की सामान भरायची ते लग्नाला निघाल्यासारखी. ट्रंकेत सगळ्यात वर शालू, त्याखाली चिवड्याचा डबा, मग अत्तराची कुपी, आणि लोकरीचं काही असलंच तर ते तळाशी, त्याच्यावर पितळी तांब्या. शिवाय माणशी एक सोलापुरी चादर. चादर घेतली की हिमालय पांघरला, असा आमच्या गावचा पक्का समज.

कोण कुठं निघालं आहे याचा वास चन्नव्वाला यायचा. काशी, प्रयाग, लाहोर, कुठंही असो. बोलावणं लागत नसे. ती सरळ घरात शिरायची, ट्रंकेच्या कड्या धरायची आणि ट्रंक उलटी करायची. शालू एकीकडे, चिवडा दुसरीकडे, घरधनी तिसरीकडे.

“घोंगडं तळाला का?” ती विचारायची. “थंडी काय तुमी ट्रंक उगडूस्तर दारात थांबती?”

“काकू, वर ठेवलं तर चुरगळतंय की.”

“चुरगळू दे. तुमी चुरगळन्यापरीस त्ये बरं.”

चादरीवर तिचा विशेष दात. मागांच्या गावात चादरीला नावं ठेवायला वाघाचं काळीज लागतं, आणि चन्नव्वाकडे निदान अडीच वाघांचं होतं. “कापूस घाम पुसायला,” ती भर बाजारात म्हणायची. “थंडी पुसायला न्हाई.” एका तेलुगू चादरवाल्यानं ते ऐकलं आणि तो वाद घालायला तिच्या अंगणात आला. पौषातली पहाट होती. चन्नव्वानं त्याचीच एक चादर आणि आपलं एक घोंगडं हौदात बुडवलं, पिळलं, आणि आधी चादर त्याच्या अंगाभोवती गुंडाळली. त्याचे दात असे वाजायला लागले, की त्या ठेक्यावर शेजारचा माग चालू झाला. मग तिनं चादर ओढून ओलं घोंगडं गुंडाळलं. दात थांबले. त्यानं घोंगड्याचा काठ चिमटीत धरून चोळून पाहिला. मग म्हणाला, “अक्का, हे बाजारात सांगू नका.” तिनं तिथून उठून बाजारातच जाऊन सांगितलं.

आमचे हेडमास्तर माघस्नानाला सहकुटुंब प्रयागला निघाले, त्याही वेळी ती गेली. सामान तिच्या मनासारखं भरून झाल्यावर तिनं हुकूम केला, की सगळे कपडे अंगावर चढवून भर दुपारी गच्चीवर बसा. कुठं वारा शिरतो ते घरीच कळलं पाहिजे. हेडमास्तर बसले. आत बंडी, तिच्यावर वर्तमानपत्र, त्यावर सदरा, परत वर्तमानपत्र, त्यावर कोट, गळपट्टा, कानटोपी. वर्तमानपत्राचा थर ही चन्नव्वाची खास युक्ती. वारा अडवायला कागदासारखं काही नाही म्हणे. हेडमास्तरांनी इंग्रजी पत्र घेतलं होतं, तर तिनं ते काढून मराठी घालायला लावलं, कारण त्यात शिव्या जास्त असतात आणि शिव्यांना ऊब असते. सोलापूरच्या उन्हात हेडमास्तर थोडा वेळ तग धरून राहिले, मग पाटावरून हळूच कलंडले. त्यांच्या पत्नी ओरडत आल्या. चन्नव्वानं हेडमास्तरांच्या गळपट्ट्यात बोट घालून पाहिलं. “पडले न्हवं?” ती म्हणाली. “म्हंजे कपडे बरोबर हायत.”

हे सगळं मी हसत सांगतोय, पण ती हसत नसे. तिला थंडीचा राग होता, थंडीला न भिणाऱ्यांचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त राग कशाचा होता ते मला शिवलिंगप्पाच्या घरी कळलं.

शिवलिंगप्पा म्हणजे आमच्या पेठेतला आडत व्यापारी. ज्वारी, भुईमूग आणि गावभरचा मान यांचा मोठा साठा त्याच्याकडे. चन्नव्वाच्या सासरच्या नात्यातला, तिच्याहून वयानं लहान, त्यामुळे ती त्याला अरेतुरे करायची आणि तो तिला चन्नक्का म्हणायचा. त्याचा थोरला मुलगा क्वेट्ट्यालाच धान्याच्या मक्त्यावर होता. त्याला मुलगा झाला. नातवाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचा मुहूर्त मठातल्या स्वामींनी काढला तो ऐन पौषातला. शिवलिंगप्पा, त्याची बायको नीलव्वा, धाकटा मुलगा मल्लू आणि मल्लूची बायको गौरा, असे चौघं निघणार. गौरा मंद्रूपची, जेमतेम सतरा वर्षांची, लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. त्या घरात तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर तो बांगड्यांचा.

क्वेट्टा हे नाव कानावर पडताच चन्नव्वा तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघाली. मला म्हणाली, “मास्तर, चला. कुनीतरी साक्षीला पायजे.” मी गेलो. नाही म्हणायची छाती कुणाची?

तिनं नेहमीसारखी ट्रंक उलटी केली आणि एक क्षण मला वाटलं, आज भांडण होत नाही. माल असा भक्कम निघाला. शिवलिंगप्पाचा लोकरी कोट, मल्लूचा लोकरी कोट, विलायती बनियनी, कानटोप्या, पायमोज्यांचे जोड, आणि मल्लूचे नवेकोरे बूट, जे तो घरातल्या घरात चर्रचर्र वाजवत चालून बघत होता. चन्नव्वानं एकेक उचललं, हुंगलं, ठेवलं. मग ट्रंकेशेजारचं बोचकं सोडलं. त्यात बायकांचं सामान. इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या, एक शालू, आणि दोन चादरी.

ती बोचक्यात कोपरापर्यंत हात घालून शोधत राहिली. मग मान वर केली.

“ह्यांचे पाय कुटं हायत?”

“कुनाचे?” शिवलिंगप्पा म्हणाला.

“बायकांचे. गड्यांचे पाय ट्रंकेत दिसले, मोज्यासकट. बायकांना ह्या घरात पाय नसतात काय?”

नीलव्वा आतून फणकारली. “आमी काय मडमा हाय का बुटं घालायला? माझ्या सासूसमोर मी उभ्या जन्मात पायात काय घातलं न्हाई. आता सून घालून मिरवनार?”

“तू गप, नीला. मी ह्याला इचारतेय.”

शिवलिंगप्पा सभ्य माणूस. तो सभ्यपणेच म्हणाला, “चन्नक्का, आपल्यात सासऱ्यापुढं सुनेनं पायात घालायची पद्धत हाय का, तूच सांग. गाडीत मी समोर, घरात मी समोर. लोक काय म्हनतील?”

“क्वेट्ट्यात लोक बोलत न्हाईत. तोंड उगडलं की जीभ गोठती.”

“ही पोर घरात चुलीपाशीच की. बाहेर कुटं जायचंय तिला?”

आणि तिथं चन्नव्वानं जमिनीवर बसकण मारली, लुगड्याचा काठ घोट्यावर घेतला आणि तो डावा पाय शिवलिंगप्पाच्या पुढ्यात लांब केला. दुकानातले दोन हमाल दारात उभे होते. त्यांनी तोंडं फिरवली. तिनं फिरवलं नाही.

“बघ. मीबी चुलीपाशीच होते. चुलीला कोळसा परसात, आणि परसात गुडघ्याएवडं बरफ. सासू म्हनली, मामंजी ओसरीवर हायत, पायात काय घालू नगो. माझी बुटं होती, शिवलिंगप्पा. माझ्या नवऱ्यानं आनली होती. ती ट्रंकेत होती. दोन बोटं काळी पडली, मग डागदरनं कापली, आणि मामंजी ओसरीवर चा पीत होते.”

मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार. चन्नव्वालाही वाटलं असावं, कारण ती पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली होती.

शिवलिंगप्पानं नजर पायावरून काढून छताकडे नेली. “ज्याचं त्याचं नशीब असतंय, चन्नक्का,” तो म्हणाला.

त्यानंतर ती जे बोलली ते लिहिलं तर हा कागद पेटेल. ती मराठीत सुरू झाली, मधे कानडीत गेली, कानडीतल्या शिव्या संपल्यावर बाजारातल्या दखनी शिव्या उसन्या घेतल्या. तिथल्या ज्वारीच्या पोत्यांना त्या दिवशी कोंब फुटले असं हमाल सांगतात. पण निघताना मी एक पाहिलं. गौरा परसातून हातपाय धुऊन आली होती आणि दाराआडून ऐकत उभी होती. शहाबादी फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उठले होते. चन्नव्वा शिव्या देता देता वाकली, कनवटीचा दोरा काढला, त्यातल्या एका ठशावर लांबीला धरला, रुंदीला धरला, गाठी मारल्या आणि तोंड न थांबवता बाहेर पडली.

पुढचे दिवस आमच्या घरात झोप म्हणून नव्हती. धनगराकडून लोकर आली. ती खाली बसून सूत काढायची, माडीवर मला चरख्याच्या चातीची घरघर ऐकू यायची. मोजे विणायला सुया हव्या होत्या. सोलापुरात त्या कुठं मिळणार? एका सकाळी मी छत्री उघडली तर नुसतं कापड आणि दांडा. काड्या गायब.

“काकू, माझी छत्री?”

“पाऊस कवा हाय?”

“जूनमधे.”

“मग जूनमदी इचारा.”

मोच्याकडून बूट करून घेतले ते आतून मेंढीच्या लोकरीचे. तो बिचारा म्हणाला, असलं काम मी जन्मात केलं नाही. तर ती त्याच्या दुकानासमोर ठाण मांडून बसली आणि टाका चुकला की मोच्याच्या बापाची चौकशी करू लागली. बूट झाले. ओबडधोबड, अस्वलाच्या पिल्लांसारखे दिसत होते. पण त्यात हात घातला की बाहेर काढावासा वाटत नसे.

घरी नेऊन दिले तर नीलव्वा ते चुलीत घालेल, म्हणून चन्नव्वानं स्टेशन गाठायचं ठरवलं. संध्याकाळची मुंबईची गाडी. मुंबईहून आगबोटीनं कराची, तिथून रेल्वेनं बोलन घाट चढून क्वेट्टा, असा प्रवास. आम्ही पोचलो तेव्हा ते चौघं डब्यात बसले होते. खिडकीशी शिवलिंगप्पा, समोर नीलव्वा, तिच्याशेजारी डोक्यावरून पदर घेतलेली गौरा, आणि मल्लू बूट दिसतील असे पाय पसरून.

चन्नव्वा डब्यात चढली आणि दारात उंबऱ्यावर बसली. मागून येणाऱ्या उतारूंना म्हणाली, “दुसरं दार बघा. हे बंद हाय.” मग काखेतलं गाठोडं सोडून तिनं मोजे आणि बूट गौराच्या पायांपाशी ठेवले.

“घाल.”

“चन्नक्का,” शिवलिंगप्पा दबक्या आवाजात म्हणाला, “डबा बघतोय. बोटीवर चढल्यावर घालील ती.”

“आत्ता घालील. लपून घातलेलं लपून काढायला लावाल तुमी.”

“तुला हुच्च लागलंय काय?”

“व्हय, येड लागलंय. घाल गं.”

शिवलिंगप्पानं एक मोठा सुस्कारा टाकला आणि मान खिडकीकडे वळवली. आमच्याकडे घरातल्या वडील माणसानं तोंड फिरवलं की ती मुकी परवानगी. मी पाहिलंच नाही, म्हणजे झालंच नाही. डब्यातल्या लोकांना वाटलं, मिटलं. मलाही वाटलं.

“तिकडं न्हाई,” चन्नव्वा म्हणाली. “हिकडं बघ. तुज्या देखत घालनार ती. नाहीतर मी हितनं उठत न्हाई, आणि माझ्यावरनं गाडी न्यायची हिंमत इंजनात न्हाई.”

गार्ड आला. त्यानं ‘ए बाई’ म्हटलं. चन्नव्वानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर तो हिरवं निशाण गुंडाळत मागच्या डब्याकडे काहीतरी तपासायला गेला. मल्लू म्हणाला, “अप्पा, बघा की, काय बिघडतंय.” ते त्याच्या तोंडून इतक्या उशिरा आलं याबद्दल चन्नव्वानं त्याला दोन शब्द ऐकवले.

शिवलिंगप्पानं मान फिरवली. त्याचा चेहरा मिरचीच्या वाळवणासारखा झाला होता, पण तो सुनेच्या पायांकडे बघत राहिला. गौरा वाकली. सासऱ्याकडे नाही, सासूकडे नाही, नवऱ्याकडे तर नाहीच, तिनं कुणाकडेही बघितलं नाही. मोजे ओढले, बुटांत पाय घातले, आणि दोन्ही पाय डब्याच्या फळीवर एकदा आपटले. धप्प. त्या घरात वर्षभरात तिनं केलेला तो सगळ्यात मोठा आवाज असावा. मग ती ताठ बसली.

चन्नव्वा उठली. जिंकल्यावर माणसाचा चेहरा सैल पडतो, तिचा पडला नाही. तिचा एक पाय खालच्या पायरीवर गेला होता, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

“चन्नव्वा, माझं?”

नीलव्वा. जी आठवडाभर फणकारत होती, मडमांची नावं काढत होती, तीच नीलव्वा. तिनं लुगड्याखालून पाय किंचित पुढं केले होते. काळे, भेगाळलेले, रुंद झालेले, जन्मात आत काही न गेलेले पाय. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. चन्नव्वाकडे बघत होती, आणि बाजारात शेवटचा वाटा संपल्यावर रांगेतलं माणूस बघतं तशी.

चन्नव्वाच्या तोंडून शब्द निघाला नाही. मी तिच्या घरात राहिलेला माणूस आहे, शपथेवर सांगतो, त्या बाईचं तोंड उघडं आणि आवाज बंद, असं सोलापुरानं कधी पाहिलेलं नाही. तिनं हातातलं गाठोड्याचं फडकं उलटं करून झटकलं, जणू त्यातून आणखी एक जोड पडेल. गार्डची शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला. मी तिला दंडाला धरून खाली ओढली.

पुढच्याच महिन्यात माझी माळशिरसला बदली झाली आणि नंतर मी तिला पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत आहे ती त्या संध्याकाळची फलाटावरची चन्नव्वा. ती गाडीबरोबर धावत होती. ओढत्या पायानं, पदर खांद्यावरून घसरलेला, हमालांना आणि फुलवाल्यांना धक्के देत. खिडकीवर पंजा मारत ओरडत होती, “शिवलिंगप्पा, मुंबैला उतरलास की आदी हिचं बघ. बोटीवर चढायच्या आदी. मल्ल्या, तवर तुजे मोजे काढून दे आईला. काढ म्हनते न्हवं, काढ.” मग खिडकी पुढं गेली, मग डबा, मग गाडीचा लाल दिवा. ती फलाटाच्या टोकापर्यंत गेली, जिथून पुढं नुसती खडी आणि रूळ.

मी मागून धापा टाकत पोचलो तेव्हा ती अजून ओरडतच होती, पण शब्द आता गाडीला नव्हते. “एवड्या खेपा घातल्या त्या घरात,” ती म्हणत होती. “एकदाबी नीलाच्या पायाकडं बगितलं न्हाई. सासू म्हनून बगितलंच न्हाई.” तिनं स्वतःला एक कानडी शिवी घातली, जी मी तिच्या तोंडून आधी कुणालाच दिलेली ऐकली नव्हती. मग पुन्हा रुळांकडे तोंड करून, “शिवलिंगप्पा, मुंबैला, मुंबैलाच.”

कंदील लावत येणारा पॉइंट्समन तिच्याजवळ थांबला. “आजी,” तो म्हणाला, “गाडी गेली की.”

“मला दिसतंय,” चन्नव्वा म्हणाली. “त्याला ऐकू जातंय.”